मदत हवी आहे: गणपतीला कोकणात जाताना गाडीत मुलांसाठी खेळांचा डबा कसा करू?

नमस्कार मंडळी,

गणपतीला सासरी कुडाळला जायचंय. मांडवी एक्सप्रेसची थ्री एसीची तिकिटं ठाण्याहून मिळाली आहेत (वेटिंगचा जीव टांगणीला लावणारा प्रकार वेगळ्या धाग्यात सांगेन). मुलगी साडेपाच वर्षांची, मुलगा अडीचचा. त्याची वेगळी सीट नाही, म्हणजे तो आळीपाळीने आमच्या मांडीवर आणि उरलेला वेळ ताईच्या अंगावर. एरवीच आठ-नऊ तास लागतात. त्यात पावसाळी वेळापत्रकात गाड्यांचा वेग कमी, मार्ग बराचसा एकेरी आणि गणपतीच्या जादा गाड्या, म्हणजे क्रॉसिंगला किती थांबू ते बाप्पालाच ठाऊक.

नवरा म्हणतो, मोबाइलवर कार्टून उतरवून घे की. माझा काही तात्त्विक विरोध नाही, शेवटच्या दोन तासांसाठी उतरवून ठेवणारच आहे. पण मोबाइल एक आणि आवडी दोन, त्यामुळे भांडण सुरू झालं की अख्खा डबा ऐकतो. म्हणून घरातल्याच वस्तूंचा खेळांचा डबा करायचा विचार आहे. फार खर्च नको. गावाला एखादी वस्तू हरवली तरी हळहळ वाटायला नको.

सध्या मनात आहे ते असं: बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, त्यात फ्रिजवरची मॅग्नेटची अक्षरं (डब्याच्या झाकणावर चिकटवता येतील), मेणाचे खडू, लाकडी मणी ओवायला, थोडी रंगीत कणीक.

प्रश्न:
१. दोघांना एकच डबा की वेगवेगळे?
२. अडीच वर्षांचा मुलगा सगळं तोंडात घालतो. त्याला काय देता येईल?
३. कणीक एसीत दिवसभर टिकेल का?

---

खिडकीवाली

आधी एक चाळणी लावा: ही वस्तू खाली पडली तर काय होईल? गाडीत पडलेली गोल वस्तू तिसऱ्या बर्थखाली, कुणाच्या तरी बॅगेमागे जाते आणि मग तुम्ही फरशीवर ओणव्या. त्यामुळे मणी बाद. गोल खडू बाद, तिकोनी घ्या, ते घरंगळत नाहीत. सागरगोटे, चिंचोके, गोट्या, फासा सगळं घरी ठेवा. फासा हवाच असेल तर एक ते सहा आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या पाकिटात घालून एक एक काढायची.

पत्र्याचा डबाही मला नको वाटतो. झाकण उघडताना आणि बंद करताना आवाज, कडाही धारदार. ब्लाउजपीसच्या चार-पाच छोट्या पिशव्या शिवा, प्रत्येकीत एकच खेळ. सगळ्या पिशव्या तुमच्या पर्समध्ये. मुलांच्या हातात अख्खा साठा कधीही द्यायचा नाही. दिलात तर पनवेल यायच्या आत सगळं बघून, उलथून झालेलं असतं आणि पुढे तुम्ही रिकाम्या.

पहिले दोन-तीन तास काहीच काढू नका. सकाळची गाडी आहे, मुलं ताजी असतात, खिडकी असते, डबे उघडून खाणं असतं, फेरीवाले असतात. खरा कंटाळा चिपळूणच्या पुढे, जेवण झालं आणि झोप येत नाही तेव्हा सुरू होतो. पहिली पिशवी तेव्हा काढा. एक खेळ संपला की तो आत, मगच दुसरा बाहेर.

---

बालवाडीताई

मॅग्नेटची अक्षरं लहान मुलाजवळ अजिबात नको. त्यांच्या पाठीला चिकटवलेला छोटा मॅग्नेट सुटून येतो. दोन मॅग्नेट गिळले गेले तर आतड्याच्या वेगवेगळ्या वेटोळ्यांतून एकमेकांना ओढतात आणि आतड्याला भोक पडू शकतं. तसंच बटण सेलवर चालणारं, गाणी म्हणणारं कुठलंही खेळणं नको. ते सेल अन्ननलिकेत अडकले तर थोड्या तासांत आतून भाजतं. फुगेही नकोत, फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशात बसतो. मोठीला दिलेली वस्तू धाकट्याच्या हातात जाणारच, म्हणून दोघांसाठी धाकट्याचाच नियम लावायचा.

आता अडीच वर्षांच्या मुलासाठी, घरात असलेलं:

टिकल्यांची पाकिटं. साध्या गोल, मोठ्या आकाराच्या घ्या, खड्यांच्या नकोत. जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूला झाडाचा बुंधा आणि फांद्या काढून द्या, त्यावर टिकल्या म्हणजे फळं. बोटांनी सोलून काढणं हेच त्या वयाला मोठं काम, एका झाडाला बराच वेळ जातो. एसी डब्याच्या काचेवरही चिकटतात (उतरताना काढा म्हणजे झालं). तुम्ही शेजारी बसूनच द्या, एका वेळी एकच पान. टिकली तोंडात जाते आहे असं दिसलं की पाकीट परत पर्समध्ये.

पाटी आणि पाणी. छोटी पाटी, जाडसर ब्रश, बाटलीच्या झाकणात पाणी. ओल्या ब्रशनं काढलेलं चित्र वाळलं की नाहीसं होतं, मग पुन्हा काढायचं. डाग नाही, कचरा नाही. पाटीवरची पेन्सिल मात्र घरीच ठेवा, ती खायची सवय बऱ्याच मुलांना असते.

वहीच्या मागच्या पुठ्ठ्याला पंचिंग मशीननं भोकं पाडून बुटाची नाडी ओवायला द्या. नाडीचं टोक कडक असतं, सोपं जातं. नाडी वीतभराहून फार लांब नको, गळ्यात गुंडाळली जाते.

कणकेबद्दल: साधी कणीक तेलाचा हात लावून घट्ट मळा, हळद किंवा बीटाचा रस घाला, छोट्या डब्यात बंद करा. सकाळी मळलेली दुपारी तीन-चारपर्यंत खेळण्यापुरती बरी राहते, नंतर टाकून द्या. मीठ घालून टिकाऊ करायची कृती सगळीकडे सापडते, पण तुमचा मुलगा तोंडात घालतो ना, तर एवढं मीठ नकोच. कच्ची असल्यामुळे साधीही खाऊ देऊ नका. मांडीवर जुना टॉवेल अंथरा.

---

उगाच_एक

आमच्या वेळी खिडकी हाच डबा होता. ताईंनी उगाच डोक्याला ताप करून घेऊ नये.

---

खिडकीवाली

@उगाच_एक, तुमच्या वेळी आई त्या डब्यात काय काय करत होती, हे आईला विचारा एकदा.

---

गाडीवाले_आजोबा

सूनबाई, वरच्यांचं बरोबर आहे, पण हा मार्गच मुळात मोठा खेळ आहे, तो पिशवीत घाला की. साडेपाच वर्षांच्या नातीसाठी एक लांब पट्टी करा. कॅलेंडरच्या मागच्या बाजूचा कागद चालेल. त्यावर रूळ काढा आणि क्रमानं नद्या: वीरच्या पुढे सावित्री, खेडजवळ जगबुडी, चिपळूणजवळ वाशिष्ठी, संगमेश्वरला शास्त्री. पावसाळ्यात सगळ्या भरून वाहतात. पूल गेला की तिनं ती नदी निळ्या खडूनं रंगवायची. कुठली बाजू जास्त बघण्यासारखी असं विचारू नका, दोन्हीकडे पळा.

मग उक्षी गेलं की करबुडेचा बोगदा, साडेसहा किलोमीटर. आत शिरताना तिला मोजायला सांगा, शंभरपर्यंत येत असतील तर पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागेल. रत्नागिरीच्या पुढे पानवलचा पूल, सुमारे पासष्ट मीटर उंच, तिथे धाकट्यालाही खिडकीशी उभं करा. बाकी बोगद्यांसाठी पट्टीच्या कोपऱ्यात रेघा मारायच्या, चार उभ्या आणि पाचवी आडवी. अख्ख्या कोकण रेल्वेवर नव्वदहून जास्त बोगदे आहेत. कुडाळपर्यंत सगळे येत नाहीत, तरी रेघा भरपूर होतात.

आणि ठिपक्यांचा कागद विसरू नका. पाच बाय पाच ठिपके, आळीपाळीनं एक एक रेघ, ज्याचा चौकोन पूर्ण होईल त्याचं अक्षर आत. हे तिच्या बाबांनी खेळायचं, म्हणजे तुम्हाला थोडा वेळ पाठ टेकता येईल.

---

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार! मॅग्नेटची अक्षरं आत्ताच वरच्या फळीवर गेली. मणीही रद्द. डब्याऐवजी पिशव्या शिवते, जुने ब्लाउजपीस आहेतच. आजोबा, पट्टी आजच करायला घेतली, लेक म्हणते नद्यांत मासेही हवेत, तेव्हा ते पण काढतोय.

एकच उरलं: दोघांना वेगळ्या पिशव्या की एकत्र?

---

बालवाडीताई

टिकल्या, पाटी आणि पुठ्ठा सगळं दोन दोन, अगदी सारख्या रंगाचं. पट्टी मात्र एकच, ती मोठीची. धाकट्यानं मागितलीच तर त्याच कॅलेंडरचा पुढचा महिना त्याला रेघोट्या मारायला द्या.