नव्या फोनमधील अनोळखी अ‍ॅप्स : कोणती ठेवावीत, कोणती बंद करावीत? (मदत हवी आहे)

सप्रेम नमस्कार,

नवा अँड्रॉइड फोन वापरात आणण्यापूर्वी त्यात काय काय भरून आले आहे हे पाहावे, म्हणून सेटिंग्जमधील अ‍ॅप्सच्या यादीत जाऊन ‘सिस्टम अ‍ॅप्स दाखवा’ हा पर्याय निवडला. होम स्क्रीनवर ज्यांचा मागमूसही नाही अशी कितीतरी नावे त्यात निघाली. ‘शेल’, ‘की चेन’, ‘बुकमार्क प्रोव्हायडर’, ‘कॅरिअर सर्व्हिसेस’, ‘अँड्रॉइड सिस्टम वेबव्ह्यू’, ‘सेफ्टीकोअर’ ही त्यातली काही. अनेकांना स्वतःचे चिन्हसुद्धा नाही. शिवाय एका समाजमाध्यमाचे अ‍ॅप मी घेतलेले नसतानाही त्याच कंपनीची साहाय्यक अ‍ॅप्स यादीत आहेत, आणि याचे कारण मला उमगत नाही.

यांपैकी फोनच्या कामकाजाला आवश्यक कोणती आणि निव्वळ व्यावसायिक करारापोटी आलेली कोणती, हे सामान्य वापरकर्त्याने कशावरून ओळखावे? नको असलेली अ‍ॅप्स डिसेबल केल्यास स्टोरेज मोकळे होते का? संगणकाला फोन जोडून आज्ञा देऊन अशी अ‍ॅप्स काढता येतात असे वाचले. तो मार्ग कितपत सुरक्षित आहे? ‘सगळे उडवून टाका’ आणि ‘कशालाही हात लावू नका’ हे दोन्ही सल्ले मिळून चुकले आहेत, म्हणून कारणांसहित उत्तर मिळाल्यास आभारी राहीन.

प्रतिसाद :

नावापेक्षा अ‍ॅपच्या माहितीच्या पानावरील बटणे अधिक बोलकी असतात. तेथे ‘अनइंस्टॉल’ असेल तर ते अ‍ॅप काढता येण्याजोगे आहे. ‘डिसेबल’ असेल तर ते सिस्टमच्या विभागात बसवलेले आहे, पण उत्पादकाने ते थांबवण्याची मुभा ठेवली आहे. ते बटण फिकट असून दाबले जात नसेल तर फोन बहुधा त्यावर अवलंबून आहे. ज्याची खरोखर धास्ती बाळगावी असे अ‍ॅप सहसा या यादीत नसतेच. बाहेरून फाइल घेऊन बसवलेले, सुलभतेची म्हणजे अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी मागणारे किंवा ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’ होऊन म्हणजे फोनच्या व्यवस्थापनाचे अधिकार घेऊन बसलेले अ‍ॅप जास्त घातक असते, म्हणून सेटिंग्जमधील या दोन परवानग्यांच्या याद्या आधी तपासाव्यात.

आता आपण दिलेली नावे. वेबव्ह्यू हे इतर अ‍ॅप्सच्या आत वेबपाने दाखवणारे इंजिन आहे. मार्च 2021 मध्ये त्याचे एक सदोष अपडेट आले तेव्हा जीमेलसह अनेक अ‍ॅप्स उघडताक्षणी बंद पडत होती, यावरून त्याचा पसारा लक्षात येईल. त्याला हात लावू नये. (अँड्रॉइड 7 ते 9 मध्ये हे काम क्रोम करत असे, त्यामुळे त्या जुन्या फोनमध्ये वेबव्ह्यू डिसेबल दिसले तर तो बिघाड समजू नये.) शेलमार्फत संगणकावरून आलेल्या आज्ञा चालवल्या जातात, तर की चेन सुरक्षा प्रमाणपत्रे सांभाळते, ही दोन्ही असू द्यावीत. कॅरिअर सर्व्हिसेस गूगल मेसेजेसमधील आरसीएस संदेशांसाठी (एसएमएसऐवजी इंटरनेटवरून जाणाऱ्या संदेशांसाठी) आहे. बुकमार्क प्रोव्हायडर मात्र अँड्रॉइडच्या जुन्या ब्राउझरच्या काळातला अवशेष आहे. भाडेकरू गेल्यावरही दारावर राहिलेल्या पाटीसारखा, निरुपयोगी पण निरुपद्रवी.

सेफ्टीकोअर 2024 च्या अखेरीस अनेक फोनमध्ये वापरकर्त्याला काही न विचारता येऊन बसले, आणि संशय निर्माण झाला तो मुख्यतः या गुपचूप येण्यामुळे. संदेशातील छायाचित्रात नग्नता असल्यास ते धूसर करण्याच्या सुविधेसाठी ते आहे आणि ही छाननी फोनवरच होते, असे गूगलचे म्हणणे आहे. नको असेल तर ते अनइंस्टॉल करता येते. माझ्या मते हरकत त्याच्या कामावर नव्हे, आगाऊ न सांगण्यावर घ्यावी.

समाजमाध्यमाची ती साहाय्यक अ‍ॅप्स उत्पादकाशी झालेल्या करारातून येतात. मुख्य अ‍ॅप परस्पर बसवणे आणि अद्ययावत ठेवणे एवढेच त्यांचे काम असते. आपण ते माध्यम वापरत नसाल तर निःशंकपणे डिसेबल करावीत.

जागेबाबत मात्र फार आशा ठेवू नये. मूळ अ‍ॅप केवळ वाचता येणाऱ्या सिस्टम विभागात असते आणि तो विभाग आपल्या स्टोरेजला कधीच मिळत नाही. परत मिळते ती फक्त अपडेट्सनी आणि साठलेल्या डेटाने व्यापलेली जागा. फायदा होतो तो पार्श्वभूमीवर चालणारी कामे आणि नोटिफिकेशन्स थांबण्याचा.

संगणकावरून एडीबीने (फोनला आज्ञा देण्याच्या साधनाने) काढलेले अ‍ॅपसुद्धा केवळ त्या वापरकर्त्यापुरते जाते. मूळ फाइल जागेवरच राहते आणि फॅक्टरी रीसेट केल्यावर अ‍ॅप परत येते. चुकीचे अ‍ॅप काढले गेल्यास फोन पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहू शकतो आणि मग रीसेटवाचून गत्यंतर उरत नाही, म्हणून डिसेबलने काम भागत असेल तर या वाटेला जाऊ नये.

डिसेबल करतानाही एका वेळी एकच अ‍ॅप निवडावे आणि दोन-तीन दिवस फोन वापरून पाहावा. मूळ कीबोर्ड आणि लाँचर (होम स्क्रीन दाखवणारे अ‍ॅप) यांना तर सोडूनच द्यावे. फोनला अक्षरी पासवर्ड असेल आणि नंतर बसवलेला कीबोर्ड पहिल्या अनलॉकपूर्वी चालणारा नसेल, तर रीस्टार्टनंतर पासवर्ड टाइप करायला काहीच उपलब्ध राहत नाही.