घरी चाकूला धार लावायची तर दगडावरच, शार्पनर नको

टिळकवाडीकर:
गल्लीत धारवाल्याची सायकल हल्ली क्वचितच फिरकते, त्यामुळं घरोघरी खाचेतून चाकू ओढायचा शार्पनर आलाय. माझं मत विचाराल तर तो घेऊच नका. त्या खाचेत टंगस्टन कार्बाइडच्या दोन पट्ट्या असतात आणि त्या पातं अक्षरशः खरवडतात. मुठीजवळचा बोटभर भाग खाचेत बसत नाही, तो तसाच राहतो. वापरून वापरून पुढं पात्याला मध्ये खळगा पडतो. मग कांदापात चिरली की तुकडे सुटे होत नाहीत, माळ होऊन हातात येते.

हार्डवेअरच्या दुकानात एका बाजूनं भरड, दुसऱ्या बाजूनं बारीक असा कार्बोरंडमचा दगड मिळतो, तो आणा. पाण्यात भिजवा, सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं घाला. पातं ४ सेंटिमीटर रुंद असेल तर पाठीकडची बाजू दगडापासून सव्वा सेंटिमीटर उचलायची, म्हणजे साधारण १८ अंश होतात. तो कोन न मोडता भरड बाजूवर घासत राहा. पात्याच्या पलीकडच्या अंगाला नखाला अडकेल इतकी बारीक खरखर उठली की पातं उलटून दुसरं अंग तसंच घासा. शेवटचे हात बारीक दगडावर, हलके.

शहापूरची_अक्का:
वाचायला झकास हो दादा. सकाळी सातला डबे भरायचे असतात तेव्हा अंश कोण मोजत बसणार? शार्पनरमधनं तीन-चारदा ओढला की टोमॅटो सालीसकट चिरतोय, मला तेवढंच पुरे. आणि चाकू कितीचा? बाजारातला पन्नास-साठचा. खळगा पडला तर दुसरा आणीन की! अगदीच अडलं तर चिनी मातीचा कप उपडा घालायचा. बुडाला जो बिनचकाकीचा गोल असतो त्यावर घासायचा. त्याला तर एक रुपयाही लागत नाही.

टिळकवाडीकर:
@अक्का, पन्नासचा चाकू असेल तर दगडावर हात बसवायला तोच उत्तम, बिघडला तरी जीव जात नाही. आणि वर्षाला एक चाकू टाकायचा ही कसली काटकसर?

उद्यमबागवाला:
कारखान्यात हत्यारांना धार लावण्यात (टूल ग्राइंडिंग) आयुष्य गेलंय म्हणून मध्ये तोंड घालतो. अक्कांचा कप चालतो, चेष्टा नाही. ती भाजलेली माती पात्याच्या पोलादापेक्षा कठीण असते.

पण लोक मला म्हणतात, 'कारखान्यात ग्राइंडर आहे, जाता जाता लावून आणा.' मी नाही म्हणतो. ते चाक मिनिटाला २८०० च्या आसपास फेरे घेतं. चाकूची कड कागदासारखी पातळ, ती बघता बघता तापते. कडेवर निळी झाक आली म्हणजे तिथं ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं, पात्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं. मग कितीही धार लावा, चार दिवसांत बोथट. आमच्याकडं म्हणूनच चाकावर कूलंट, म्हणजे गार ठेवणारा द्रव, सतत सोडलेला असतो. पायडलवाल्याचं चाक सावकाश फिरतं आणि मुरलेला गडी पाणी मारत मारत लावतो, त्याच्याकडं बिनधास्त द्या. निव्वळ ठिणग्या उडवणारा दिसला तर चाकू परत घ्या.

दुसरं म्हणजे, घरच्या स्टीलच्या चाकूची धार बरेचदा झिजलेली नसते, नुसती एका अंगाला वळलेली असते. ती सरळ करायला खाटकाकडं असते तसली सळई पुरते, दगडाची गरजच नाही. आणि धार वळते का? ग्रॅनाइटच्या ओट्यावर नाहीतर स्टीलच्या ताटात चिरता म्हणून. लाकडी फळी घ्या आधी.

खानापूरकर:
तुमचं सगळं चाकूवरच चाललंय. आमच्याकडं अजून इळीवर चिरतात. तिचं पातं पाटाला ठोकलेलं, ते शार्पनरमध्ये कसं घालणार? तिथं पातं हलत नाही, दगड फिरवावा लागतो. धार स्वतःकडं तोंड करून असते, म्हणून पाट आडवा करून पायाखाली घट्ट धरायचा आणि दगड नेहमी धारेपासून पाठीकडं ओढायचा, उलटा नाही, नाहीतर बोटं गेली. कोयत्याला तर १८ अंश देऊच नका. लाकडावर पहिल्याच घावात कड दुमडेल, जाड धारच पाहिजे त्याला. शार्पनरवाल्यांनी आधी याचं उत्तर द्यावं.

शहापूरची_अक्का:
कोयत्यानं कांदा चिरत नाही हो आम्ही! 😄 दगड आणायला माझी हरकत नाही, पण घासायचं काम मिस्टरांचं. उद्यमबागवाले, ती सळई घरच्यासाठी मिळते काय?

उद्यमबागवाला:
मिळते की. मोठ्या भांड्यांच्या दुकानात विचारा, अंगावर बारीक उभ्या रेघा असलेली घ्या. मात्र पार बोथट झालेल्या चाकूवर तिचा उपयोग नाही. तो आधी दगडावर, नाहीतर तुमच्या कपावर.