मदत हवी आहे: दुकानात ठेवायला चित्रांचा बोर्ड कुणी बनवलाय का?

नमस्कार मंडळी, आमच्या आण्णांना दोन वर्षांमागं स्ट्रोक आला, चालणं फिरणं ठीक आहे पण बोलणं अडकलंय, अफेजिया म्हणतात त्याला. डोकं शाबूत आहे हो, पत्त्यात अजून आम्हाला हरवतात, फक्त शब्द तोंडापर्यंत येत नाही. परवा एका मेडिकलमध्ये चिठ्ठी न घेता गेले, "ते... ते..." करत छातीवर हात ठेवून दाखवत होते तर काउंटरवरच्या पोराला वाटलं पिऊन आलेत. घरी येऊन जेवले पण नाहीत.

आता तालमीतल्या आम्ही चौघांनी ठरवलंय की पेठेतल्या दुकानांत एकेक बोर्ड ठेवायचा, दुखतंय, पाणी, किती पैसे, हो, नाही, थांबा, नुसतं बोट ठेवायचं. चित्रं अरासॅकची घेतोय, स्पेनमधल्या आरागॉन सरकारची आहेत, धंद्यासाठी नसेल तर फुकट. तांबडा-पांढऱ्याचा फोटो मात्र आम्हीच काढणार.

एका दुकानदारानं विचारलं हे कशाला, तर त्याला सांगितलं की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अफेजियाचं नाव आहे, तरी तो हसलाच.

तर विचारायचं हे की एका बोर्डवर किती चित्रं ठेवावीत, जास्त झाली की आण्णा गोंधळतात. लॅमिनेशन बरं का फ्लेक्स? आणि कोल्हापुरातलं कुणी स्पीच थेरपिस्ट एकदा नजर टाकेल का? २९ ऑक्टोबरला जागतिक स्ट्रोक दिवस असतोय, त्याआधी लावायचेत. कमेंटमध्ये सांगा.