टॅग मॅनेजर लावलं, पण पानांचा आकडा दुप्पट येतोय आणि व्हॉट्सअ‍ॅपचे क्लिक शून्य

नवखा_एमएच१०

नमस्कार मंडळी. सांगलीतल्या एका हळद-बेदाण्याच्या दुकानाची वेबसाइट आणि जाहिराती माझ्याकडे आहेत. मार्केटिंग जमतं, कोडिंग शून्य. साइट वर्डप्रेसवर आहे, ऑनलाइन पेमेंट नाही. गिऱ्हाईक प्रत्येक मालाखालचं 'भाव विचारा' हे हिरवं बटण दाबून व्हॉट्सअ‍ॅपवर येतं, नाहीतर चौकशीचा फॉर्म भरतं. फॉर्म कॉन्टॅक्ट फॉर्म ७ या प्लगइनचा आहे.

गूगल टॅग मॅनेजर (मोजणीच्या कोडचे तुकडे, म्हणजे टॅग, साइटवर बसवायचं साधन) लावलं आणि त्यातून अ‍ॅनालिटिक्स ४ (साइटवर कोण आलं, काय दाबलं ते मोजणारं गूगलचं साधन) चा टॅग सोडला. आता तीन ठिकाणी गाडी अडलीय. एक, पान एकदाच उघडलं तरी पेज व्ह्यू दोन पडतात. दोन, व्हॉट्सअ‍ॅप बटणाचा टॅग उडतच नाही, म्हणजे चालतच नाही. ट्रिगरमध्ये (टॅग कधी उडायचा ते ठरवणारी अट) 'क्लिक यूआरएल' 'इक्वल्स' आणि पुढे आमच्या नंबरची लिंक अशी अट आहे. तीन, फॉर्म अर्धवट सोडून सबमिट दाबलं तरी चौकशी मोजली जाते. डेव्हलपरला न बोलावता यातलं किती सुटेल?

अजिंक्यतारा

तिन्ही सुटेल. पहिल्याचं मी सांगतो.

दुप्पट आकडा म्हणजे शंभरात नव्वद वेळा एकच टॅग दोन वाटांनी येतोय. टॅग मॅनेजर लावायच्या आधी कोणीतरी साइट किट हे गूगलचं प्लगइन टाकलेलं असतं, किंवा थीमच्या हेडरमध्ये अ‍ॅनालिटिक्सचा कोड चिकटवलेला असतो. पानावर राइट क्लिक करून 'व्ह्यू पेज सोर्स' उघडा आणि तुमचा 'जी-' ने सुरू होणारा मेजरमेंट आयडी शोधा. अ‍ॅनालिटिक्स फक्त टॅग मॅनेजरमधून येत असेल तर तो आयडी सोर्समध्ये दिसायला नको, नुसता 'जीटीएम-' ने सुरू होणारा कंटेनर (टॅग मॅनेजरमधली तुमच्या साइटची पेटी) आयडी दिसायला हवा. 'जी-' सापडला की दुसरी वाट कळली. साइट किट असेल तर त्याच्या अ‍ॅनालिटिक्स सेटिंगमध्ये कोड टाकण्याचा पर्याय बंद करा. अख्खं प्लगइन उडवायची गरज नाही, डॅशबोर्ड चालू राहतो.

सोर्स स्वच्छ निघाला तर कंटेनरच्या आत बघा. जुने व्हिडिओ बघून बरेच जण गूगल टॅग (मोजणीचा मूळ टॅग) लावतात आणि वर 'पेज_व्ह्यू' नावाचा वेगळा इव्हेंट (मोजायची एक घटना) टॅगही 'ऑल पेजेस'वर लावतात. गूगल टॅग पेज व्ह्यू आपला आपण पाठवतो, दुसरा काढून टाका. युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्स, म्हणजे जुनी आवृत्ती, 1 जुलै 2023 पासून बंद पडलं, त्यामुळे त्याआधीचे बहुतेक व्हिडिओ आता दिशाभूलच करतात.

अ‍ॅनालिटिक्सच्या प्रॉपर्टीत टाइम झोन भारताचा आहे ना, तेही बघून घ्या. अमेरिकेचा राहिला असेल तर दिवस आपल्या दुपारी बदलतो आणि रोजचे आकडे कशाशीच जुळत नाहीत.

मिरज_जंक्शन

व्हॉट्सअ‍ॅपचं दुखणं तुमच्या प्रश्नातच आहे: 'इक्वल्स'. बटणाच्या लिंकमध्ये नुसता नंबर नसतो, पुढे तयार मेसेजही असतो. राजापुरी हळदीच्या पानावर 'राजापुरी हळदीचा भाव काय?' आणि बेदाण्याच्या पानावर दुसरंच काहीतरी. म्हणजे प्रत्येक पानावर लिंक वेगळी, आणि 'इक्वल्स'ला एका अक्षराचाही फरक खपत नाही. तिथे 'कंटेन्स' निवडा आणि फक्त 'डब्ल्यूए डॉट एमई' एवढाच तुकडा द्या, अर्थात इंग्रजी छोट्या लिपीत. काही प्लगइनं 'एपीआय डॉट व्हॉट्सअ‍ॅप डॉट कॉम' अशी लिंक बनवतात. आधी बटणावर माउस नेऊन खाली कोपऱ्यात कोणती लिंक दिसते ते वाचा.

आता क्रमाने.

टॅग मॅनेजरच्या व्हेरिएबल्समध्ये (क्लिकची माहिती धरणाऱ्या जागा) 'कॉन्फिगर' दाबून क्लिक यूआरएल, क्लिक टेक्स्ट आणि क्लिक क्लासेस यांवर टिक करा. नवीन कंटेनरमध्ये हे बंद असतात आणि टिक केल्याशिवाय अटींच्या यादीत येत नाहीत.

मग नवीन ट्रिगर, प्रकार 'जस्ट लिंक्स'. 'ऑल एलिमेंट्स' नको, आणि कारण समजून घ्या. तुमच्या बटणात व्हॉट्सअ‍ॅपचं चित्र असेल आणि गिऱ्हाइकाचं बोट बरोबर त्या चित्रावर पडलं, तर 'ऑल एलिमेंट्स'ला क्लिक चित्रावर झालेला दिसतो. चित्राला लिंक नसते, म्हणून क्लिक यूआरएलमध्ये बटणाची लिंक येत नाही आणि अट फसते. बोट अक्षरांवर पडलं की मोजलं, चित्रावर पडलं की नाही. असा अर्धा आकडा शून्यापेक्षा वाईट, कारण शंका येत नाही. 'जस्ट लिंक्स' चित्रापासून वर चढत लिंक शोधतो. त्यातले 'वेट फॉर टॅग्स' आणि 'चेक व्हॅलिडेशन' हे दोन्ही चौकोन रिकामे ठेवा.

मग टॅग: प्रकार अ‍ॅनालिटिक्स ४ इव्हेंट, तुमचा तोच मेजरमेंट आयडी, इव्हेंटचं नाव 'व्हॉट्सअ‍ॅप_क्लिक' इंग्रजीत. मध्ये स्पेस नाही, अंडरस्कोर. सगळी छोटी अक्षरं. जास्तीत जास्त 40 अक्षरं. एकदा मोठा डब्ल्यू आणि एकदा छोटा लिहिलात तर रिपोर्टमध्ये दोन वेगळे इव्हेंट होतात. क्लिक कोणत्या पानावरून आला हे वेगळं पाठवायला नको, पानाचा पत्ता प्रत्येक इव्हेंटसोबत जातोच.

कोपऱ्यात तरंगणारं गोल बटण असेल तर ते बहुतेक वेळा खरी लिंक नसतं, जावास्क्रिप्टने व्हॉट्सअ‍ॅप उघडतं. तिथे 'जस्ट लिंक्स' चालत नाही. त्यासाठी दुसरा ट्रिगर 'ऑल एलिमेंट्स'चा करून त्या बटणाच्या क्लासवर (कोडमध्ये त्याला दिलेलं नाव) अट घाला.

आणि हो, अ‍ॅनालिटिक्समधलं 'एन्हान्स्ड मेजरमेंट' (आपोआप मोजणी) चालू असेल तर बाहेर जाणाऱ्या लिंकांवरचे क्लिक 'क्लिक' या नावाने आधीच मोजले जातात, त्यात व्हॉट्सअ‍ॅपही येतं. तो आकडा आणि तुमचा आकडा एकत्र बेरजेला घेऊ नका.

नवखा_एमएच१०

पहिलं जुळलं, हेडरमध्ये जुना कोड होता. 'कंटेन्स' केलं तरी प्रीव्ह्यूमध्ये (पब्लिश करण्याआधी तपासायची सोय) बटण दाबल्यावर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडतं आणि मागचं पान जातं, त्यामुळे टॅग उडाला की नाही ते कळत नाही. फॉर्मचंही सांगा कोणीतरी.

मिरज_जंक्शन

कंट्रोल दाबून धरून क्लिक करा. लिंक नव्या टॅबमध्ये उघडते आणि पान जागेवर राहतं. मग प्रीव्ह्यूसोबत उघडणाऱ्या टॅग असिस्टंटच्या खिडकीत डावीकडे 'लिंक क्लिक' अशी ओळ आलेली दिसेल, ती निवडा. तुमचा टॅग 'नॉट फायर्ड'मध्ये असेल तर त्यावर क्लिक करा: कोणती अट बसली आणि कोणती नाही, त्यापुढे हिरवी बरोबर आणि लाल फुली असते. ती फुलीच निदान. 'लिंक क्लिक' ही ओळच आली नाही, तर बटण लिंक नाही असं समजा. अ‍ॅड ब्लॉकर मात्र बंद करून बसा, नाहीतर सगळं बरोबर असून तासभर डोकं धराल.

कवठ्याचा_भाचा

फॉर्मचं असं आहे. कॉन्टॅक्ट फॉर्म ७ पान न बदलता माहिती पाठवतो. टॅग मॅनेजरचा 'फॉर्म सबमिशन' ट्रिगर नुसतं सबमिट दाबलं की जागा होतो; फोन नंबर रिकामा आहे हे त्याला कळत नाही. 'चेक व्हॅलिडेशन'वर टिक केलीत तर उलटा घोळ: हे प्लगइन ब्राउझरचं नेहमीचं सबमिट स्वतःच थांबवतं, म्हणून ट्रिगर कधीच उडत नाही. म्हणजे टिक काढली तर अर्धवटही मोजतो, टिक केली तर पूर्ण भरलेलेही सुटतात. या फॉर्मसाठी हा ट्रिगर सोडूनच द्या.

त्याऐवजी 'एलिमेंट व्हिजिबिलिटी' घ्या आणि यशाचा संदेश दिसला की मोजा. मेख अशी की चुकीचा आणि यशाचा संदेश एकाच पट्टीत येतो, म्हणून नुसत्या पट्टीवर अट घालून भागत नाही. फॉर्म खरंच गेला की फॉर्मच्या क्लासमध्ये 'सेंट' हा शब्द येतो. निवडीची पद्धत 'सीएसएस सिलेक्टर' ठेवा आणि त्यात लिहा: डॉट सेंट, एक स्पेस, डॉट डब्ल्यूपीसीएफ७-रिस्पॉन्स-आउटपुट. सगळं इंग्रजी छोट्या लिपीत. खाली 'ऑब्झर्व्ह डीओएम चेंजेस'वर (पानात नंतर होणारे बदल बघत राहा) टिक हवीच, कारण पट्टी पान उघडताना लपलेली असते. मग तीनदा तपासा: रिकामा फॉर्म, चुकीचा ईमेल, पूर्ण फॉर्म. फक्त तिसऱ्या वेळी उडाला पाहिजे.

फॉर्मनंतर 'आभारी आहोत' असं वेगळं पान दाखवत असाल तर त्या पानाच्या पत्त्यावर 'पेज व्ह्यू' ट्रिगर सर्वांत सोपा. पण त्या पत्त्याच्या शेपटीला गिऱ्हाइकाचं नाव किंवा मोबाइल नंबर लागत नाही ना, हे आधी बघा. लागत असेल तर तो नंबर पानाच्या पत्त्यासोबत थेट अ‍ॅनालिटिक्सला जातो. गूगलच्या नियमात ते बसत नाही, आणि गिऱ्हाइकाच्या दृष्टीनेही बरं नाही.

अजिंक्यतारा

दोन राहिलेल्या गोष्टी. प्रीव्ह्यूमध्ये चाललं म्हणजे साइटवर गेलं असं नाही. 'सबमिट' करून पब्लिश करा आणि आवृत्तीला 'व्हॉट्सअ‍ॅप क्लिक जोडला, जुना कोड काढला' असं वाचता येईल असं नाव द्या. काही बिघडलं तर 'व्हर्जन्स'मधून मागची आवृत्ती परत पब्लिश करता येते. आणि कंटेनर दुकानाच्या जीमेलवर आहे ना? एजन्सीच्या खात्यात असेल तर आत्ताच मालकाला अ‍ॅडमिन करून घ्या. एजन्सी बदलताना भांडण तिथेच होतं.

नवखा_एमएच१०

पब्लिश केलं. दिवसभरात 31 क्लिक दिसतायत, पण दुकानाच्या फोनवर नवीन मेसेज 19 च आहेत. अजून कुठे दुप्पट मोजतोय का?

मिरज_जंक्शन

तेवढ्यावरून म्हणता येत नाही. क्लिक म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप उघडलं, 'पाठवा' दाबलंच असं नाही. शिवाय एकच माणूस हळद आणि बेदाणा दोन्ही पानांवरून दाबतो. प्रीव्ह्यूमध्ये एकदा बटण दाबून टॅग किती वेळा उडाला ते बघा. एकदाच असेल तर मोजणी बरोबर आहे. मेसेज 19 आणि क्लिक 12 असे उलटे दिसले, तर मात्र कुठलं तरी बटण सुटलंय. आधी ते तरंगणारं गोल बटण तपासा.