डार्टमूरच्या माळावर माहितीफलक हवेत का?

सह्यवारा:
इंग्लंडच्या डेव्हनमधल्या डार्टमूर राष्ट्रीय उद्यानात (स्थापना १९५१) कांस्ययुगातली घरं आणि शिळारांगा उघड्या माळावर पडून आहेत. ग्रिम्सपाउंड या तिथल्या प्राचीन वस्तीच्या गोल तटात २४ घरांची जोती दिसतात. तिथे फलक लावा, असं अनेकांना वाटतं. माझा ठाम विरोध आहे. फलक आला की सगळे तिथेच घुटमळतात आणि तेवढीच माती उखडत जाते. माहिती पोस्टब्रिज गावातल्या पर्यटक केंद्रात द्या, नकाशावर द्या. माळावर खांब नकोत.

ऋजुता_के:
असहमत. वाचून आलेल्याला घर दिसतं, बाकीच्यांना दगडांचा ढीग. तिथल्या एका घराच्या दारापुढे वळती भिंत आहे, वारा आत घुसू नये म्हणून. कोणी सांगितलं नाही तर माणूस तिच्यावरच पाय देऊन पुढे जाणार. ब्रिटनच्या १९७९च्या प्राचीन स्मारक कायद्याने संरक्षित स्मारकाची नासधूस हा गुन्हा आहे, पण हे स्मारक आहे हे आधी कळायला तर हवं!

सह्यवारा:
समजावून सांगण्याच्या हौसेनेही नुकसान होतं. १८९४ मध्ये उत्खनन करणाऱ्यांनी तिथली काही बांधकामं पुन्हा उभारली, त्यावर तेव्हाच वाद झाला. आज मूळचं काय आणि नंतर रचलेलं काय, हा घोळ आहेच.

ऋजुता_के:
मग हा घोळच फलकावर लिहा की! लोकांना तेवढी समज असते.

जुना_माळकरी:
तुम्ही दोघं फलकावरच अडलात. खरा धोका झाडोऱ्याचा आहे. चराई कमी झाली की ब्रॅकन नेचे आणि गॉर्सची काटेरी झुडपं माजतात. ब्रॅकनची भूमिगत खोडं जमिनीतले थर विस्कटतात, मग उत्खननात हाती काय लागणार? निसर्गवाल्यांना काही भागांत गुरं कमी हवीत, पुरातत्त्ववाल्यांना पुरेशी हवीत. खरं भांडण हे आहे.
आणि ‘अवशेष न खणता जागेवरच जपा’ हे तत्त्वही दर वेळी चालत नाही. डार्टमूरच्याच व्हाइटहॉर्स हिल या टेकडीवर पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची दलदलीतली माती) झिजून दगडी दफनपेटी उघडी पडत होती, म्हणून २०११ मध्ये ती उकलली. आत अस्वलाचं कातडं, २००हून अधिक मणी आणि गाईच्या केसांचा विणलेला पट्टा निघाला, त्यावर कथलाच्या टिकल्या! ओल्या पीटमुळे टिकलेलं हे सगळं उन्हावाऱ्यात गेलं असतं.

सह्यवारा:
चराईचं शंभर टक्के मान्य. पण त्या वस्तू लोक प्लिमथच्या संग्रहालयात बघतात, त्यासाठी टेकडीवर खांब रोवावा लागला नाही. फार तर वाहनतळापाशी फलक लावा.

ऋजुता_के:
वाहनतळावरून ती वळती भिंत दिसत नाही. मला तिच्याशेजारी गुडघ्याएवढा का होईना, एक फलक हवाच.