मोबाईलवर अकाउंट्स शिकून कुणी हिशेबनीस होतं का?

यार्डातला अडत्या
परवा इथंच एकानं लिहिलंय : "फी भरून, बसचे धक्के खाऊन वर्गात बसायचे दिवस गेले. कॉलेजचा ऑनलाइन कोर्स घ्या, आपल्या वेळेनं अकाउंट्स शिका, सर्टिफिकेट काढा आणि कुठल्याही दुकानात हिशेबाला लागा." खाली सगळ्यांचे अंगठे. मला राहवलं नाही.

बेळगावच्या मार्केट यार्डात माझं बटाट्याचं अडत दुकान आहे. हिशेबाला पोरं ठेवतो. सर्टिफिकेट घेऊन आलेल्या पोराला मी दोन नोंदी करायला सांगतो. गल्ल्यातनं घरच्या किराण्याला दोन हजार उचलले, लिही. दुकानाला पंधरा हजारांचा नवा काटा घेतला, लिही. पोरगं पहिलं खर्चात टाकतं, दुसरं खरेदीत टाकतं, आणि तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे-जमेची बेरीज, जुळली म्हणून वही घेऊन समोर उभं राहतं. अरे, जुळणारच की! दोन्ही बाजूंना आकडा सारखाच पडलाय, पडलाय तो भलत्या खात्यात. काटा खरेदीत गेला की नफा कमी दिसला आणि ताळेबंदात, म्हणजे दुकानाची मालमत्ता आणि देणी मांडतात त्या पत्रकात, काटाच नाही. उचल खर्चात गेली की माझं घर दुकान चालवतंय का दुकान घर चालवतंय, हे मलाच कळायचं बंद.

ही चूक तेरीज दाखवत नाही, टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअरही दाखवत नाही. "हे विकायला आणलंस का वापरायला?" असं विचारणारा माणूस शेजारी लागतो. त्या कोर्सात काय असतं? चार पर्याय. चुकला तर परत दाबा, हिरवी खूण येईपर्यंत दाबा. कारण कुणी विचारत नाही. आणि अकाउंट्स म्हणजे कारणच, बाकी नुसती बेरीज.

जांबोटीकडची
अण्णा, तुमच्या शेजारी दिवाणजी बसायचे म्हणून तुम्ही शिकलात. आमच्या शेजारी कोण बसणार?

मी दहावीपर्यंत मराठी शाळेत. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, कॉमर्स घेतलं तर सगळं एकदम इंग्रजीत. सर फळ्यावर खातं काढायचे, आम्ही उतरवून घ्यायचो, फळा पुसला की विषय संपला. 'का' विचारायची हिंमत वर्गातल्या निम्म्या पोरींना नव्हती. मला तर नव्हतीच. लग्नानंतर इकडं आले. २०२३ पासून आम्हा बायकांना बस फुकट आहे हे खरं, पण संध्याकाळच्या क्लासनंतर गावाकडं यायला बस कुठली? फुकट असो नाहीतर विकत.

कोर्समध्ये देणे खर्चाचा धडा मी किती वेळा मागं नेऊन ऐकला, मोजलं नाही. मार्चचं भाडं एप्रिलमध्ये दिलं तरी ते मार्चच्या वर्षात का धरायचं, आणि ताळेबंदात देणं म्हणून का दाखवायचं, हे मला त्या व्हिडिओनं समजावलं, वर्गानं नाही. आज आमच्या बचत गटाची वही मी लिहिते. तुम्ही पोरांना नापास करता ते करा, पण दारच बंद करू नका.

पीयूसीला शिकवते
ताई, फळा पुसला की विषय संपला, हे लागलं मला. पण साठ-सत्तर पोरांच्या वर्गात प्रत्येकाची वही बघायची कशी, हेही कुणीतरी सांगा.

मूळ मुद्द्यावर. 'आपल्या वेळेनं' हा शब्द सगळ्या कोर्सना लागू नाही. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर शिकणं फुकट आहे, पण दर आठवड्याला असाइनमेंट, तिला मुदत, आणि शेवटची परीक्षा केंद्रावर जाऊन, फी भरून. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२१ च्या नियमांप्रमाणे पदवीच्या एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट (श्रेयांक) तिथून घेता येतात. म्हणजे हा टाइमपास नाही. पण असाइनमेंटची उत्तरं मुदतीच्या आदल्या रात्री ग्रुपवर फिरतात, त्याचं काय? माझ्याकडं आलेल्या एका मुलानं कोर्स चांगल्या गुणांनी काढला होता. त्याला विचारलं, बँकेत पैसे भरले की तुझ्या वहीत बँक खातं नावे, म्हणजे डेबिट होतं, मग बँकेचा मेसेज 'क्रेडिट' का म्हणतो? गप्प. बँकेच्या वहीत तुझी ठेव हे तिचं देणं आहे आणि देणं वाढलं की ते जमा, म्हणजे क्रेडिट होतं, एवढी एक गोष्ट. ती समजली की अर्धं अकाउंट्स समजलं.

सीमाभाग ५६
मूळ दुखणं कुणी बोलतच नाही. पलीकडं महाराष्ट्रात चंदगडातलं पोरगं अकरावीला पुस्तपालन मराठीतून शिकतं. आमचं पोरगं तेवढ्याच अंतरावर राहून इंग्रजीत बुडतं. १९५६ पासून हेच चाललंय. २००४ पासून सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात आहे, तोवर पोरांच्या किती पिढ्या...

उद्यमबाग
दादा, मान्य, पण प्रत्येक धागा तिकडं नेऊ नका. बालभारतीची अकरावी-बारावीची पुस्तकं नेटवर फुकट मिळतात. आज रात्री उतरवून घ्या आणि पोराला द्या. दाव्याचा निकाल लागेपर्यंत थांबायला कुणी सांगितलंय?

मी फाउंड्रीत अकाउंट्स बघतो. वर्गातलं पोरगं आणि मोबाईलवरचं पोरगं, दोघंही माझ्याकडं एकाच रोगानं येतात. टॅलीत एफ फाइव्ह पेमेंट, एफ सिक्स रिसीट, एफ सेव्हन जर्नल, बटणं तोंडपाठ. घसारा कुठल्या बटणाला, हे विचारतात. घसारा म्हणजे काय, वापरानं यंत्राची किंमत का उतरते, हे विचारत नाहीत. तेव्हा अण्णा, दोष एकट्या मोबाईलचा नाही.

निपाणीकर
तुमचं चालू द्या. मी एकच विचारतो, हे सगळं शिकून उपयोग काय? माझ्या वडिलांनी तंबाखूच्या वखारीत आयुष्य काढलं. सगळी पुंजी एका सौहार्द सहकारी सोसायटीत ठेवली. तिथं हिशेबनीस बी.कॉम., ऑडिटर शिकलेला. दरवर्षी वार्षिक सभा, छापील अहवाल, नफा, लाभांश. आणि एक दिवस शटरवर कागद. सगळे शिकलेले होते की!

उद्यमबाग
वाईट झालं. पण तो छापील अहवाल घरात कुणी वाचला होता का?

निपाणीकर
हे विचारायची हिंमत होते तुम्हाला? चौथी शिकलेल्या माणसानं ताळेबंद वाचायचा? चोर तिकडं मोकळे आणि दोष माझ्या बापाला?

यार्डातला अडत्या
उद्यमबाग, हे बोलणं बरं नव्हे.

उद्यमबाग
वडिलांना दोष देत नाही. ते चौथी शिकलेले, तुम्ही पदवीधर, मी तुम्हाला विचारतोय. आणि राग आला तरी हे वाचा, कारण निपाणीपासून खानापूरपर्यंत घराघरात असे अहवाल पडलेत.

समजा सोसायटीनं १० लाख कर्ज दिलं, १४ टक्क्यांनी. कर्जदार एक पैसा भरत नाही. ३१ मार्चला नोंद होते : येणे व्याज (मिळायचं राहिलेलं) नावे १,४०,०००, व्याज उत्पन्न जमा १,४०,०००. पैसा आला का? नाही. नफा दिसला का? दिसला. त्या नफ्यावर लाभांश वाटला, तो मात्र रोख. ती रोख कुठनं आली? तुमच्या ठेवीतनं. तीन वर्षांनी एकट्या त्या कर्जाचं येणे व्याज ४,२०,०००. नोंद दुहेरी, तेरीज जुळलेली, अण्णांच्या काट्यासारखीच. फरक एवढाच की अण्णांच्या पोराला कळत नव्हतं आणि यांना कळत होतं.

दुसरं, बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, सहकारी बँकेतल्यासुद्धा. सोसायटीतल्या ठेवीला नाही. व्याजदर दोन टक्के जास्त दिसला की लोक हे विसरतात.

निपाणीकर
अहवाल आहेत घरात. आई फेकू देत नाही. आत्ता काढून बघितले. येणे व्याज दरवर्षी फुगत गेलंय, शेवटच्या वर्षी तर नफ्याच्या कितीतरी पट. हे दिसत होतं. कुणी सांगितलं नाही. तुमचा तो प्रश्न मला अजून पटलेला नाही, पण आकडा बरोबर आहे.

पीयूसीला शिकवते
हे मी वर्गात शिकवलं पाहिजे. अभ्यासक्रमात येणे उत्पन्नाची समायोजना, म्हणजे वर्षअखेरची नोंद, आहे, गणितं आम्ही ढिगानं सोडवतो. ते उत्पन्न कधी येणारच नसेल तर काय, हे कुणी विचारत नाही आणि मीही आजवर फार खोलात गेलेली नाही. गुण नोंदीला मिळतात.

यार्डातला अडत्या
हेच मी म्हणतोय! हे त्या व्हिडिओत आहे का?

जांबोटीकडची
अण्णा, ते तुमच्या वर्गात पण नव्हतं, बाईंनी आत्ताच सांगितलं. आणि उद्यमबागच्या दादांचं मी आज कुठं शिकले? मोबाईलवरच ना? शेजारी बसून विचारणारा माणूस हवा, हे तुमचं म्हणणं मी मान्य करते. तो माणूस मोबाईलमधनंच भेटू शकतो, एवढं तुम्ही मान्य करा.

यार्डातला अडत्या
भेटू शकतो. पण उद्यमबागवाला रोज फुकट भेटणार नाही, आणि सर्टिफिकेट विकणारे त्याला कोर्समध्ये घालणार नाहीत. तुमच्यासारखी एखादी मागं नेऊन ऐकते, बाकीचे हिरवी खूण बघून पुढं जातात. त्यांना मी अजून दुकानात घेणार नाही. तुम्हाला घेईन.

जांबोटीकडची
बस मिळाली तर येईन. दादा, एक विचारायचंय. आमच्या गटाचे पैसे ज्या सोसायटीत आहेत तिचा अहवाल समोर घेऊन बसले आहे. येणे व्याज 'जिंदगी व येणी'च्या, म्हणजे मालमत्तेच्या, बाजूला सापडलं. त्याच्या समोर दुसऱ्या बाजूला काही असतं का?

उद्यमबाग
असायला हवं. 'भांडवल व देणी' बाजूला राखीव निधीच्या खाली 'थकव्याज तरतूद', म्हणजे न आलेल्या व्याजापोटी बाजूला ठेवलेली रक्कम, शोधा. थकीत कर्जावरचं जेवढं व्याज येणे धरलंय, साधारण तेवढीच तरतूद दिसली पाहिजे. ती अगदी किरकोळ असेल किंवा ओळच नसेल, तर मागची दोन वर्षं काढा आणि तिन्हींचे आकडे इथं टाका. सोसायटीचं नाव टाकू नका.

जांबोटीकडची
ओळ नाही. मागचे दोन अहवाल अध्यक्षीणबाईंकडं आहेत, सकाळी आणते.