कुळागर आणि गावच्या तळ्यासाठी ८,००० रुपयांपर्यंतची दुर्बीण सुचवावी

कुळागरवाली
नमस्कार. मी डिचोली तालुक्यात राहते. शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाले आहे. घरामागे कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, आहे आणि दहा मिनिटांच्या वाटेवर गावचे तळे, ज्यात पाऊस सरल्यावर बदके उतरतात. येत्या फेब्रुवारीत ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काऊंट’ या चार दिवसांच्या पक्षिगणनेसाठी ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदी पाठवण्याचा विचार आहे. माझी मर्यादा ८,००० रुपये आहे आणि ती वाढणार नाही. मला चष्मा आहे, शिवाय मनगट दुखरे असल्यामुळे जड वस्तू फार वेळ धरवत नाही. तारवटी भावाने जहाजावरून आणलेली जुनी ७×५० (सातपट मोठे दाखवणारी, पुढचे भिंग ५० मिलिमीटरांचे) दुर्बीण कपाटात पडून आहे. ती किलोभर तरी भरेल. ती वापरावी, की नवीन घ्यावी?

हळद्या_७१
ताई, आठ हजारांत दुर्बीण नव्हे, खेळणे मिळते. मी पस्तीस हजारांची घेतली आणि पहिल्याच हिवाळ्यात तांबडी सुर्ला येथे पाचोळ्यात खाणे शोधणाऱ्या नवरंगाच्या पोटाखालचा तांबडा रंग असा पाहिला, की जणू पक्षी तळहातावर बसला आहे. थोडे थांबा, पैसे साठवा आणि एकदाच चांगली घ्या.

फेरीबोटीतला
पस्तीस हजारांची गरज नाही. १०×५० घ्यावी. रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला जाऊन सलीम अली अभयारण्यातील खारफुटीत मी बारा वर्षे तीच वापरतो. दहापट मोठे दिसते, मग आठपटीवर समाधान का मानावे? जड आहे हे खरे, पण सवय होते.

भिंगातली_बुरशी
कोणतीही घ्या, पण आतून नायट्रोजन भरलेली आणि पूर्ण बंदिस्त असेल तरच घ्या. माझी दुर्बीण दोन पावसाळ्यांत आतून पांढरी झाली. जेथे घेतली, त्या दुकानदाराने ‘हमीमध्ये बुरशी येत नाही’ असे सांगून हात झटकले. आपल्या हवेत चामडी पिशवीत दुर्बीण ठेवणे म्हणजे बुरशीला भाड्याने खोली देणे आहे. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवावी, आणि त्याचे दाणे ओले झाले की तापवून पुन्हा वापरावेत. तांदळात ठेवण्याचा घरगुती उपाय मी केला होता. त्याने सांध्यांत पीठ तेवढे गेले.

खाजनातला_खंड्या
ताईंनी मर्यादा आणि मनगट दोन्ही लिहिले आहे, ते कोणी वाचलेले दिसत नाही. १०×५० त्यांच्या हातात थरथरेल आणि दहापटीत थरथरही दहापट दिसते. ८×४० किंवा ८×४२ पाहावी. वस्तुभिंगाच्या व्यासाला पटीने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी मिळते: ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच मिलिमीटर, जी सकाळच्या सावलीतही पुरते. चष्मा असल्याने नेत्रिकेपासून (डोळ्याकडच्या भिंगापासून) डोळ्याचे अंतर १५ मिलिमीटरांहून अधिक ठेवता येते का, हे आवर्जून विचारावे. या किमतीच्या कित्येक दुर्बिणींत ते १२च्या आसपास असते आणि चष्म्यातून दृश्याच्या कडा कापल्या जातात. जहाजावरच्या ७×५० मध्ये झोत सात मिलिमीटरांचा, म्हणजे उजेड भरपूर. पण अशा बहुतेक दुर्बिणींत दोन्ही नेत्रिका वेगवेगळ्या फिरवून दृश्य स्पष्ट करावे लागते, त्यामुळे जवळच्या, सतत हलणाऱ्या पक्ष्यांसाठी ती कुचकामी ठरते.

आता दुर्बिणीहून महत्त्वाचे. ईबर्डवर यादी देताना ‘ओळखता आलेले सर्व पक्षी नोंदवले आहेत का’ असा प्रश्न येतो. कावळे, साळुंक्या, पारवे वगळून केवळ देखण्या पक्ष्यांची यादी दिली असेल, तर ‘नाही’ म्हणावे. पूर्ण यादीत जो पक्षी नाही, तो न दिसण्यालाही अर्थ असतो. किमान पंधरा मिनिटे बसावे आणि संख्या लिहावी. थवा मोठा असेल तर दहांचा एक गट डोळ्यांनी मोजून तसे किती गट बसतात ते पाहावे.

लांब_लेन्स
दुर्बिणीने पुरावा मिळत नाही. त्याच पैशांत जुना झूम कॅमेरा मिळेल. छायाचित्र नसलेली नोंद मी तरी मानत नाही.

खाजनातला_खंड्या
आपण ती न मानण्याने काही बिघडत नाही. ईबर्डवर छायाचित्र सक्तीचे नाही. अनपेक्षित जात किंवा अनपेक्षित संख्या आली तर स्थानिक परीक्षक विचारणा करतात. २०२३च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात ९४२ जातींचे मूल्यमापन झाले, ते सुमारे ३०,००० निरीक्षकांच्या अशाच नोंदींवर. छायाचित्रे हवीत ती आयनॅचरलिस्टवर, जेथे इतर लोक ओळख पटवतात.

अळमीवाला
आयनॅचरलिस्टचे नाव निघाले म्हणून सांगतो. मी मागच्या पावसात वारुळावरच्या अळम्यांचे (खाण्याच्या अळंब्यांचे) छायाचित्र अचूक जागेसह टाकले. अळमीची जागा आमच्या वाड्यावर सख्ख्या भावालाही कोणी सांगत नाही, आणि मी ती साऱ्या जगाला सांगून बसलो. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा तेथे देठही शिल्लक नव्हता. जागा धूसर करण्याची सोय तेथे आहे, ती मला नंतर कळली. धनेशाच्या ढोलीची नोंद करतानाही तीच वापरावी, कारण तेथे अळमीहून मोठे नुकसान होईल.

हळद्या_७१
मर्लिन ॲप घ्या, आवाजावरून बरेच पक्षी ओळखते. मग दुर्बीण स्वस्तातली असली तरी चालेल.

भिंगातली_बुरशी
कुळागरात भृंगराज असतो आणि तो इतरांचे आवाज काढून दाखवतो. ॲपने नाव सुचवले म्हणजे पक्षी तेथे आहे असे ठरत नाही. आणि सिलिका जेल विसरू नये.

फेरीबोटीतला
माझे मत तेच. १०×५०.

कुळागरवाली
सर्वांचे आभार. पणजीला जाऊन दोन ८×४२ दुर्बिणी डोळ्याला लावून पाहिल्या. एकीत चष्म्यामुळे कडा कापल्या जात होत्या आणि दुसरी ११,००० रुपयांची होती. शेवटी काहीच घेतले नाही. भावाची ७×५० पुसून बाहेर काढली. तळ्याच्या बांधावर उशी ठेवून तिच्यावर दुर्बीण टेकवते, त्यामुळे मनगटावर भार येत नाही. आज सकाळी वीस मिनिटांची पूर्ण यादी पाठवली: अकरा जाती, त्यांत दहा-दहाच्या गटांनी मोजलेल्या १४० अडया (शीळ घालणारी बदके) आणि ज्यांना मी एरवी मोजले नसते असे नऊ कावळे. वाचलेल्या पैशांतून सिलिका जेल आणि घट्ट झाकणाचा डबा आणला. नेत्रिका वेगवेगळ्या फिरवेपर्यंत कुळागरातला तांबट उडून जातो, हे अगदी खरे निघाले. त्याची नोंद मी आवाजावरून करते. तळ्यावरच्या अडया मात्र तेवढा वेळ थांबतात.